चव आधीं कीं नांव आधीं?

काव्याचा 'रसास्वाद' हा शब्द मराठी टीकाकारांच्या लेखणीस इतका सवयीचा झाला आहे कीं, त्यांतील रस आणि आस्वाद हे दोन्ही शब्द मूळचे जिभेचे, ही गोष्ट लिहिणारा विसरतो आणि वाचणाराहि विसरतो. भरतानें नाट्यरसाची उपपत्ति सांगतांना दृष्टांत दिला तो नाना व्यंजनांनीं सिद्ध केलेल्या अन्नाचा, आणि तें मन लावून जेवणाऱ्या माणसाचा. पुढें शास्त्र वाढलें, स्थायी व संचारी भावांची गणती झाली, आणि जेवणारा माणूस मात्र पानावरून उठून गेला. तो परत आला आहे असें वाटावें, असा एक लेखनप्रकार अलीकडे मराठी मुलखांत रुजूं लागला आहे. द्राक्षाच्या वाइनची चव घेऊन तिचें वर्णन करणारें हें लेखन बाटलीच्या पाठीवरील चिठ्ठीपासून वर्तमानपत्रांतील सदरांपर्यंत सर्वत्र आढळतें. टीका ह्या नांवास तें पात्र आहे कीं नाहीं, तें पाहण्याचा येथें विचार आहे.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. वाइन प्यावी कीं न प्यावी, हा ह्या लेखाचा विषय नाहीं. २७ जानेवारी २०२२ रोजीं राज्याच्या मंत्रिमंडळानें मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय घेतला, तेव्हां घरोघर जो वाद झाला तो वाचकांस आठवत असेल. एका बाजूनें शेतकऱ्याचें हित पुढें केलें, दुसरीनें घराचें. परंतु ज्या पदार्थावरून एवढें रण माजलें त्याची चव कशी असते, हें सांगण्याची फारशी कोणास गरज वाटली नाहीं. ज्या घरांत वाइनचा थेंब कधीं येणार नाहीं त्या घरासहि पुढील विवेचन निरुपयोगी वाटूं नये. कारण चव ओळखण्याची विद्या ताज्या द्राक्षावरहि पुष्कळ अंशीं शिकतां येते.

नारायणगांवास १९८० नंतरच्या दशकांत फेसाळ वाइन होऊं लागली. त्यामागून नाशिक पुढें आलें. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें. आणि त्याच दशकांत सोलापूर जिल्ह्यांत अकलूजजवळ इटलीच्या, दिल्लीच्या व खुद्द अकलूजच्या कुटुंबांनीं मिळून 'फ्रातेल्ली' हा कारखाना उभारला व टस्कनीची सांजोव्हेझे ही जात नीरेकांठच्या मुलखांत लाविली. धाराशिव जिल्ह्यांतील मनुष्यास हें सर्व शेजारचें. त्याच्या स्वतःच्या माळांवर, धाराशिव-तुळजापूरकडे, द्राक्षाच्या बागा आहेत. एप्रिलांत खरड छाटणी, ऑक्टोबरांत गोडी छाटणी, पुढें मण्यांत पाणी उतरलें कीं नाहीं ह्याची रोजची पाहणी, हें सारें त्याच्या बोलण्यांतलें. असा मनुष्य शेजारच्या द्राक्षाची बाटली हातीं घेतो आणि पाठीवर वाचतो काय? ब्लॅककरंट, गूजबेरी, सीडरचें लाकूड, व्हायोलेटचें फूल!

शब्द परके आहेत ही आमची तक्रार नव्हे. बटाटा आणि मिरची हे परके पदार्थ आपण असे पचविले कीं त्यांवांचून सणाचें पान पुरें होत नाहीं. तक्रार अशी कीं, ज्यानें तो शब्द लिहिला त्यानेंहि बहुधा ब्लॅककरंट हुंगलेला नसतो. त्यानें तो शब्द दुसऱ्या चिठ्ठीवरून घेतलेला असतो, आणि त्या चिठ्ठीनें तिसरीवरून. अनुभवाचा आधार नसलेलें विशेषण म्हणजे वटणार नाहीं अशी हुंडी. पुस्तकपरीक्षणांतला हा रोग वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. 'ओघवती भाषा', 'हृदयस्पर्शी प्रसंग', 'वास्तवाचें विदारक दर्शन' हीं आमच्या समव्यवसायी मंडळींचीं ब्लॅककरंटच होत. परीक्षणांतून पुस्तकाचें नांव खोडून दुसरें घातलें तरी तें जसेंच्या तसें लागू पडावें, ह्यापरतें परीक्षणाचें दारिद्र्य कोणतें?

मग चव घ्यावयाची कशी? जीभ फार थोडें सांगते. गोड, आंबट, खारट, कडू आणि आणखी एखादें. आपण ज्यास स्वाद म्हणतों त्याचा मोठा भाग तोंडांतून घशाच्या मागल्या वाटेनें नाकांत चढणारा वास असतो. नाक चिमटीनें धरून दालचिनीची पूड जिभेवर ठेवावी; थोडा गोडवा, थोडा चुरचुरीतपणा, एवढेंच कळतें. चिमटी सोडली कीं एकाएकीं दालचिनी प्रकट होते. म्हणून चव घेणारा पेला हालवून आधीं हुंगतो, घोट तोंडांत घोळवितो, आणि गिळून किंवा थुंकून झाल्यावर मागें काय उरतें त्याची वाट पाहतो. धंद्यांतला परीक्षक बहुधा थुंकतोच. दिवसाकाठीं पन्नास पेल्यांचा निवाडा करणाऱ्यास दुसरा उपाय नाहीं.

ह्याहून कठीण काम डोळ्यांस आंवरण्याचें. बोर्दो येथें वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांस एकदां पांढऱ्या वाइनमध्यें वास नसलेला तांबडा रंग मिसळून दिला. त्यांनीं तिचें वर्णन केलें तें तांबड्या वाइनच्या शब्दांत. जी पांढरी त्यांनीं आधीं पांढऱ्या शब्दांत वर्णिली होती, तीच ही होती. हा प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाला. ह्याच्या आधीं, २४ मे १९७६ रोजीं, पॅरिसमध्यें नऊ फ्रेंच परीक्षकांपुढें फ्रान्सच्या नामांकित वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या नवख्या वाइन नांव झांकून ठेवल्या गेल्या, आणि तांबड्या व पांढऱ्या अशा दोन्ही वर्गांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियास मिळाला. एका परीक्षकानें तर कॅलिफोर्नियाचाच घोट घेऊन आपण पुन्हा फ्रान्समध्यें आलों म्हणून समाधान व्यक्त केलें, असें त्या दिवशीं हजर असलेल्या वार्ताहरानें नमूद केलें आहे. ह्यावरून चव म्हणजे निव्वळ ढोंग असा सिद्धांत काढणारेहि पुष्कळ आहेत. त्यांच्या बाजूस २००८ चें एक संशोधन आहे: कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेंतील परीक्षकांस एकाच बाटलींतील वाइन न सांगतां तीनदां दिली, तेव्हां तिन्ही वेळां एकाच योग्यतेचें पदक देणारे दहांत एकच्या आसपास निघाले. आम्हांस मात्र त्या नऊंपेक्षां तो एक अधिक महत्त्वाचा वाटतो. शिवाय, नांव झांकल्यावर माणूस चुकतो ह्याचा अर्थ चवींत भेद नाहीं असा होत नाहीं. नांव उघडें असतांना तो चव घेतच नव्हता, इतकाच होतो.

नांव झांकून परीक्षा करण्याची ही रीत साहेबाकडूनच शिकली पाहिजे असें नाहीं. धाराशिव जिल्ह्यांतच तेर म्हणून गांव आहे. प्राचीन काळचें तगर तें हेंच, असें फ्लीटनें १९०१ सालीं दाखविलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक ग्रंथांत तगराचें कापड गाड्यांतून भडोचेस जात असल्याचें लिहिलें आहे. आणि त्याच भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत वाइनचा उल्लेख असून इटलीची विशेष पसंत, शिवाय लाओदिकेआची व अरबस्तानची, असा तपशील आहे. आपल्या मुलखाच्या व्यापाराशीं संबंध असलेला वाइनविषयींचा हा फार जुना अभिप्राय होय. पण तो मोंढ्यावरला अभिप्राय आहे. इटलीची कां पसंत, तें ग्रंथकार सांगत नाहीं. मूळ देश सांगितला, उठाव सांगितला, काम झालें. आजच्या पुष्कळ चिठ्ठ्यांची मजल ह्यापुढें गेलेली नाहीं.

परंतु त्याच तेरचे गोरोबाकाका. संतमंडळी जमलेली, मुक्ताबाईंनीं थापटण्याकडे बोट दाखवून हें काय म्हणून विचारलें, आणि गोरोबांनीं तें उचलून एकेकाच्या डोक्यावर मारीत कोणतें मडकें भाजलें व कोणतें कच्चें तें पाहिलें, ही कथा कोणास ठाऊक नाहीं? बाकीचे गप्प राहिले, नामदेवांस राग आला, आणि कच्चें मडकें तेंच ठरलें. कथा भक्तीची आहे. तिचा तात्पर्यार्थ गुरूशिवाय ज्ञान नाहीं असा सांगण्यांत येतो, आणि तो बरोबरच आहे. आमचें लक्ष मात्र परीक्षकाच्या हाताकडे जातें. त्या मंडळींत नामदेवांएवढें नांव कोणाचें? प्रत्यक्ष पांडुरंग ज्याच्याशीं बोलतो त्याचें! गोरोबांच्या थापटण्यास तें नांव ऐकूं आलें नाहीं. नाद तेवढा ऐकूं आला. आणि नाद ओळखण्याचा अधिकार त्यांस कशानें? तर जन्मभर मडकीं घडविल्यानें. नांव झांकण्याइतकीच ही दुसरी गोष्टहि आवश्यक आहे, हें नव्या रसिकांनीं विसरूं नये.

आतां द्राक्षाच्या जाती ओळखण्याविषयीं. येथें शब्दांच्या खालीं जमीन आहे. मस्कत जातीच्या द्राक्षांत गुलाबाचा वास येतो असें म्हटलें तर ती कविकल्पना नव्हे. गुलाबांत आणि आपल्याकडील रोशा गवताच्या तेलांत जें जिरॅनिऑल नांवाचें द्रव्य असतें, तेंच मस्कत द्राक्षांत असतें. सोव्हिन्यों ब्लां ह्या पांढऱ्या जातीस हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास असतो, कारण त्या मिरचींतील पायराझिन वर्गाचें द्रव्य तिच्यांतहि आहे. आणि तिच्या वाइनला पिकल्या पेरूचा वास येतो तोहि पेरूंतील गंधक-संयुगांमुळें. काबर्ने सोव्हिन्यों ही तांबडी जात. तिच्यांतहि तीच मिरची डोकावते. त्याचें कारण १९९७ सालीं कळलें. कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं आनुवंशिक तपासणी करून ही जात काबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां ह्यांची लेक असल्याचें दाखविलें; तांबड्या लेकीच्या अंगीं पांढऱ्या आईबापाचा वास उतरला होता, आणि नाकांस तो कागदपत्रांच्या आधीं लागत होता. शिराझला काळ्या मिऱ्यांचा वास येतो. त्याचें मूळ रोटंडोन हें द्रव्य २००८ सालीं ऑस्ट्रेलियांत सांपडलें. मिऱ्यांतहि तेंच आहे. त्याच वेळीं असेंहि आढळलें कीं पांचांत एका माणसास तो वास मुळींच येत नाहीं. म्हणजे दोन रसिक शिराझवरून भांडत असतील, तर कदाचित् दोघेहि खरें बोलत असतील.

गुलाब, ढोबळी मिरची, पेरू, मिरें! ह्यांत परकें काय आहे? आमच्या मराठी चिठ्ठीकारांनीं हे शब्द सोडून गूजबेरीच्या मागें कां लागावें, हें कळत नाहीं. तुरट ह्या शब्दाचीहि अशीच हेळसांड झाली आहे. तांबड्या वाइनचा कणा म्हणजे टॅनिन. सालांतून व बियांतून उतरणारें तें द्रव्य जीभ आंखडून टाकतें. इंग्रजी पुस्तकें हा रस नव्हे, स्पर्श आहे, असें सांगतात. आपल्या षड्रसांत कषाय पहिल्यापासून आहे, आणि जांभूळ, सुपारी, कच्चें केळें व आवळा ह्यांचा तुरटपणा एकमेकांहून निराळा आहे हें शेंबड्या पोरासहि माहीत आहे. एवढी आयती शिल्लक गांठीं असतां 'टॅनिक' म्हणून मोकळें होणें हा आळस होय. (मात्र जुन्या ग्रंथांतून शब्द उचलतांना जपावें, संस्कृतांतील कटु म्हणजे आपलें तिखट, आणि संस्कृतांतील तिक्त म्हणजे आपलें कडू.)

परंतु सर्वांत उपयोगी सामग्री आहे ती इ. स. ९०० च्या सुमाराच्या राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त. राजशेखराचा पणजा अकालजलद महाराष्ट्राचें भूषण म्हणून गाजला होता, तेव्हां हें घरचेंच धन. काव्याचा परिपाक सांगतांना त्यानें नऊ फळें घेतलीं आणि प्रत्येकाची आरंभींची चव व शेवटची चव अशी दुहेरी नोंद केली. आरंभीं व शेवटीं वाईट तो निंबपाक. आरंभीं वाईट, शेवटीं मध्यम तो बोराचा. आरंभीं वाईट, शेवटीं गोड तो मृद्वीकेचा म्हणजे द्राक्षाचा. आरंभीं मध्यम, शेवटीं वाईट तो वांग्याचा. दोन्हीकडे मध्यम तो चिंचेचा. आरंभीं मध्यम, शेवटीं गोड तो आंब्याचा. आरंभीं उत्तम पण शेवटीं वाईट तो सुपारीचा, आरंभीं उत्तम व शेवटीं मध्यम तो काकडीचा, आणि दोन्हीकडे गोड तो नारळाचा. ह्याखेरीज ज्याचा भरंवसा नाहीं असा एक कवठपाक. पेंढा झोडतांना कधींमधीं दाणा सांपडावा तसें त्यांत एखादें सुभाषित सांपडतें. आज युरोपांतील परीक्षक वाइनचा पहिला घोट आणि मागें रेंगाळणारी चव ह्यांची वेगळी नोंद करतो, तेव्हां तो राजशेखराचाच तक्ता भरीत असतो. कांहीं वाइन सुपारीपाकाच्या, म्हणजे तोंडीं लागतांच मोहिनी घालणाऱ्या आणि शेवटीं तोंड वाकडें करावयास लावणाऱ्या, असतात. गेल्या दहा वर्षांतील कादंबऱ्यांविषयींहि हा शब्द वापरतां येईल.

येथें एक मौज आहे. आपले टीकाकार द्राक्षापाक म्हणतात तेव्हां त्यांच्या मनांत सोपी, आंतबाहेर रसाळ, न चावतां गिळतां येणारी कविता असते. हा अर्थ राजशेखराचा नव्हे. तो वरंगळच्या प्रतापरुद्राच्या दरबारांतील विद्यानाथाचा. राजशेखराचें द्राक्ष आरंभीं वाईट लागतें! दोघांनीं एकच फळ पाहून इतकीं विरुद्ध मतें दिलीं असतील काय? आमचा तर्क असा कीं दोघांनीं दोन जाती चाखल्या. जाड सालीचें, बी असलेलें, तुरट-आंबट आणि मागाहून गोडी सोडणारें तें राजशेखराचें. पातळ सालीचें, पाण्यासारखें सरळ गोड तें विद्यानाथाचें. ह्या तर्कास विनोदापलीकडे किंमत देण्याचा आग्रह नाहीं. परंतु वाइनचें द्राक्ष आणि खाण्याचें द्राक्ष ह्यांत आजहि हाच भेद आहे, आणि आपल्या बाजारांत विद्यानाथाची पूर्ण सरशी झालेली आहे.

ती कशी झाली हें पाहावयाचें तर धाराशिवहून दूर जावें लागत नाहीं. सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नान्नज गांवीं नानासाहेब काळे ह्यांनीं थॉम्सन सीडलेस ह्या बिनबियांच्या जातींतून लांब मण्याची सोनाका निवडली, आणि किशमिश चोर्नी ह्या काळ्या जातींतून शरद सीडलेस. तासगांवकडे थॉम्सनमधूनच तास-ए-गणेश निघाली. ही निवड साधी नव्हे. हजारों वेलींतून एका काडीचें वेगळेपण टिपणारा डोळा फार मोठ्या टीकाकाराचा म्हणावा लागेल. पण ती निवड मण्याची लांबी, रंग, सालीची कोंवळीक आणि टिकाऊपणा ह्यांची होती, कारण व्यापाऱ्यास तेंच हवें होतें. बागेंत आलेला व्यापारी मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरवर साखर पाहतो, पट्टीनें मण्याचा घेर मोजतो, आणि भाव ठरतो. वासाचा रकाना त्याच्या वहींत नाहीं. ज्या द्राक्षाला वास असेल त्याला एक पैसा अधिक मिळत नाहीं, तेव्हां वास जपावा तरी कोणी? थॉम्सनच्या कुळांत मुळांतच वास थोडा, आणि नांवें जितकीं वाढलीं तितकी चव वाढलेली नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. बागाईतदारास ह्यांत दोष देणें अन्यायाचें होईल. घडाच्या शेंड्याचा मणी आधीं चाखावा, कारण तो सर्वांच्या मागून पिकतो, हें त्याला कोणत्याहि पुस्तकाशिवाय समजतें. थापटणें त्याच्या हातीं आहे. आम्ही लिहिणाऱ्यांनीं त्याला शब्द दिले नाहींत, आणि त्याचे शब्द घेतलेहि नाहींत. 'पाणी उतरणें' ह्या दोन शब्दांत मण्याचा रंग, मऊपणा व गोडी एकदम पालटण्याचा सारा क्षण सांठविलेला आहे. फ्रेंच भाषेंत त्यासाठीं असलेला शब्द मराठी लेखांत हौसेनें घातलेला आढळतो. 'पाणी उतरणें' हा शब्द आढळत नाहीं.

ज्यांस ही विद्या घरच्या घरीं करून पाहावयाची असेल त्यांनीं फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ निवडावा. थॉम्सन, सोनाका, शरद, आणि मिळाल्यास बंगळूरकडील निळें बियांचें द्राक्ष आणावें. ह्या शेवटच्याचा उग्र सुवास एकदां ओळखला कीं विसरत नाहीं. द्राक्षाच्या स्वादाच्या म्हणून ज्या गोळ्या मुलें चघळतात त्यांतील वास त्याचाच. द्राक्षें थंड नसावींत, थंडीनें वास मुका होतो. मण्याच्या बारीक चकत्या कराव्या, नाहींतर लांबीवरून जीभच सोनाका ओळखील. तीन बशा मांडाव्या. दोहोंत एक जात, तिसरींत दुसरी. आणि डोळे बांधून वेगळी बशी कोणती तें सांगावयाचें. नुसत्या दैवानें तीनांत एकदां बरोबर येतेंच, म्हणून बारा वेळां करावें. आठ वेळां साधलें तर नाक खरें बोलत आहे असें समजण्यास हरकत नाहीं. थॉम्सन व सोनाका ह्यांत बहुतेकांचे आठ भरतील असें आम्हांस वाटत नाहीं. निळ्याचे मात्र सहज बारा भरतील. बी असेल तें वेगळें चावून पाहावें. नांव उघड करण्यापूर्वीं प्रत्येकानें आपला शब्द कागदावर लिहून ठेवावा, आणि 'गोड' हा शब्द त्या दिवसापुरता वर्ज्य मानावा.